मशीनवरच काम करायचंय, तरी कम्युनिकेशन स्किल लागतंच का?

तेरा_नंबर_पाना:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी फायनल इयर मेकॅनिकलला आहे संभाजीनगरात, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलोय, गाव अंबाजोगाईकडचं आणि दहावीपर्यंत मराठी मिडीयम. मार्कांचं टेन्शन नाही, बॅकलॉग नाही, कॅड चांगलं येतं, वर्कशॉपला तर सर मलाच दुसऱ्यांना शिकवायला उभं करतात.

प्लेसमेंट चालू झाल्यात. ॲप्टीट्यूड निघतं, टेक्निकल पण बऱ्यापैकी जातं, आणि ग्रुप डिस्कशन नाहीतर एचआरला गाडी अडकते ती अडकतेच. मागच्या वेळी जीडीचा टॉपिक होता इलेक्ट्रिक गाड्या, आता यावर माझ्याकडे सांगायला भरपूर होतं कारण आमचा प्रोजेक्टच बॅटरी पॅकच्या कूलिंगवर आहे, पण सगळे एकदम सुरू झाले, दोघं-तिघं तर इतकी फाडफाड इंग्रजी की मी वाक्य जुळवेपर्यंत टॉपिक चार्जिंग स्टेशनवर गेलेला आणि मी अजून बॅटरीतच. एकाने तर स्कूटरमध्ये लेड ॲसिड बॅटरी असते म्हणून चार्ज व्हायला वेळ लागतो असं ठोकून दिलं. तो सिलेक्ट झाला 🙂

टीपीओ सर, म्हणजे आमचे प्लेसमेंट बघणारे सर, म्हणतात तुझं कम्युनिकेशन वीक आहे. बरं, वीक म्हणजे काय, ते काय सांगत नाहीत. रूममेट म्हणतो इथे एक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास आहे तो लाव, पण फी ऐकल्यावर घरी विचारायचंच धाडस होईना, सोयाबीनचे भाव काय चाललेत ते सगळ्यांना माहितीय.

मला आयटीत जायचंच नाहीये. शॉपफ्लोअरवर काम करायचंय, मशीनला काय इंग्रजी कळत नाही. मग हे कम्युनिकेशन कम्युनिकेशन जे सगळे करतात ते नुसतं सिलेक्शनपुरतं असतं की आत गेल्यावर पण त्याचा खरंच उपयोग होतो? जे प्रत्यक्ष कंपनीत आहेत त्यांनी सांगा. क्लासवाल्यांनी कृपया मेसेज करू नये.

रेड_बिन:

चाकणला क्वालिटीत आहे, बरीच वर्षं झाली. तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गेटवर काय लागतं आणि गेटच्या आत काय लागतं. गेटवर इंग्रजी लागतं, ते चूक की बरोबर यावर इथे भांडणं होतील, होऊ देत. मी आतलं सांगतो.

दरवर्षी आमच्याकडे जीईटी, म्हणजे नवे ट्रेनी इंजिनिअर, आणि अप्रेंटिस येतात. ज्यांना काम येत नाही ते चार-सहा महिन्यांत शिकतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. त्रास होतो तो ज्यांना काम येतं पण जे सांगत नाहीत त्यांचा.

एक खरं झालेलं सांगतो, कंपनी विचारू नको. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, एका पार्टचा बोअर (भोक) होता, २५ एच-सेव्हन, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. तुला माहितीच असेल इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, घासत गेला की बोअर लहान होत जातो. थर्ड शिफ्टला एक नवीन पोरगा होता, हुशार, त्याच्या लक्षात आलं की रीडिंग २५.०१२ वरून हळूहळू २५.००४ वर आलंय. आता हा पार्ट ओकेच आहे, टॉलरन्समध्येच आहे. म्हणून त्याने लॉगबुकात लिहिलं "बोअर चेक केला, ओके", सही केली आणि सकाळची बस पकडून रूमवर गेला. फर्स्ट शिफ्टच्या ऑपरेटरने ओके वाचलं, त्याच इन्सर्टवर मशीन चालू केलं. पुढचं तू ओळखशील. अंडरसाईज बोअर कस्टमरच्या लाईनवर जाऊन पोचले, पिन बसेना, लाईन थांबली, आमची माणसं तिकडे जाऊन दिवसरात्र चांगले-वाईट पार्ट वेगळे करत बसली, आणि नुकसानीची डेबिट नोट आली ती वेगळीच.

त्या पोराने खोटं काही लिहिलं नव्हतं, आणि त्याला टेक्निकल नॉलेज नव्हतं असंही नाही, उलट त्यालाच एकट्याला कळलं होतं. फक्त ते त्याच्या डोक्यातच राहिलं. लिहायला काय पाहिजे होतं? "मशीन नंबर अमुक, रात्री २ पासून बोअर उतरतोय, १२ मायक्रॉनवरून ४ वर आलाय, इन्सर्ट बदललेला नाही, चालू करायच्या आधी बदला, शेवटचे ४० पार्ट वेगळ्या ट्रेमध्ये ठेवलेत, ते पुन्हा चेक करा." मराठीतच लिही, हिंदीत लिही, मोडक्या इंग्रजीत लिही, कुणी मार्क कापत नाही.

हे तुला येत नाही असं नाहीये. गावाकडे रात्रीची लाईट असते, तू दारं धरतोस आणि पहाटे भाऊ येतो, तेव्हा त्याला "पाणी दिलं, ओके" एवढं सांगून घरी जातोस का? कुठल्या सरीपर्यंत भिजलं, कुठे बांध फुटतोय, मोटार किती वाजता बंद पडली होती, सगळं सांगतोस. शिफ्ट हँडओव्हर म्हणजे तेवढंच.

पुढे तुला एट-डी रिपोर्ट लिहावे लागतील, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडायचे. कस्टमर कम्प्लेंट आली की डी-थ्री म्हणजे तात्पुरता बंदोबस्त काय केला ते बहुतेक जण २४ तासांत मागतात. डी-फोरला रूट कॉज. तिथे निम्म्या लोकांचं फाईव्ह व्हाय, म्हणजे पाच वेळा "का" विचारत मुळाशी जाणं, पहिल्याच प्रश्नाला "ऑपरेटर निग्लिजन्स" वर येऊन थांबतं, कारण ऑपरेटरशी जाऊन नीट बोललेलंच नसतं. आमच्याकडे ऑपरेटर बिहारचे आहेत, ओडिशाचे आहेत, आपल्या जालन्याचे आहेत. त्यांच्याशी बोलून, त्यांना चोर न ठरवता नक्की काय झालं ते काढून घेणं हे फाडफाड इंग्रजीवाल्याला जमेलच असं नाही. तुला जमेल असं वाटतंय.

सरळ_रेघ:

वरचं सगळं बरोबर आहे हो, पण मुलाला गोड गोड सांगू नका. कम्युनिकेशन स्किल या नावाखाली आपल्याकडे जे मोजलं जातं ते म्हणजे तू कुठल्या शाळेत शिकलास, घरी इंग्रजी पेपर येतो का आणि तुझा ॲक्सेंट कसा आहे. लेड ॲसिडवाला सिलेक्ट झाला ना? मग झालं तर. ज्याच्याकडे चार पिढ्यांचा आत्मविश्वास आहे त्याला सॉफ्ट स्किल आहे म्हणायचं आणि ज्याच्या घरात पहिला इंजिनिअर होतोय त्याला वीक म्हणायचं. २०२१ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, मराठीसकट प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, पुस्तकं पण मराठीत काढली, छान केलं, पण जीडी कुठल्या भाषेत होते? मुलं मराठीत थर्मोडायनॅमिक्स शिकणार आणि दहा मिनिटांच्या इंग्रजी कोंबडबाजारात नापास होणार.

मी स्वतः सोलापूरकडचा, आता बरा स्थिरावलोय, पण कुणी "कम्युनिकेशन" म्हटलं की आधी मी विचारतो कुणाचं आणि कुणाशी. क्लास लावू नकोस एवढंच सांगतो, आरशासमोर उभं करून हाऊ आर यू म्हणायला लावतात.

हिंजवडी_ट्रॅफिक:

@सरळ_रेघ पूर्ण सहमत आणि थोडा असहमत. आयटीतला आहे त्यामुळे धागा काढणाऱ्याला कदाचित लागू नाही पण तरी लिहितो कारण फ्रेशर सगळीकडे सारखेच.

आमच्याकडे रोज सकाळी स्टँडअप असतो, १५ मिनिटांचा. प्रत्येकाने सांगायचं काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. नवीन मुलं रोज सांगतात "वर्किंग ऑन इट". सोमवारी वर्किंग ऑन इट, मंगळवारी वर्किंग ऑन इट, गुरुवारी संध्याकाळी कळतं की ह्याला सोमवारी सकाळपासून डेटाबेसचा ॲक्सेसच मिळालेला नाहीये आणि तो मागायचा कुणाकडे हे विचारायला तो लाजत होता. अरे बाबा दोन मिनिटांचं काम होतं. आणि ही मुलं मुंबई-पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली पण असतात बरं का, इंग्रजी एकदम टकाटक. म्हणून म्हणतो थोडा असहमत, कारण इंग्रजी असलेल्यांना पण हे येत नाही.

दुसरं म्हणजे चॅटवर "हाय सर" लिहून गप्प बसणारे. मी मीटिंगमध्ये असतो, तासाने "हाय, बोल" लिहितो, तोवर हा जेवायला गेलेला, तो दोन वाजता येऊन "सर एक डाऊट होता" लिहितो, तोवर मी दुसऱ्या मीटिंगमध्ये. अख्खा दिवस गेला आणि डाऊट काय होता ते मला अजून माहीत नाही. पहिल्याच मेसेजमध्ये टाक ना की हे करत होतो, हा एरर आला, हे आणि हे करून बघितलं, आता इथे अडलोय, तुमच्याकडून हे पाहिजे. मी मीटिंगमधूनच एका ओळीत उत्तर देईन. आणि मेलच्या सब्जेक्टमध्ये नुसतं "रिगार्डिंग" लिहिणाऱ्यांवर तर वेगळा धागा काढायला पाहिजे. कशाच्या रिगार्डिंग??

कडक_चहा:

रिगार्डिंग 😂 आमच्याकडे "अर्जंट" असा सब्जेक्ट असतो, उघडलं की वाढदिवसाचा केक.

तेरा_नंबर_पाना:

सगळ्यांचे आभार. रेड_बिन दादा, दारं धरायचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पण एक अडचण आहे, ती खरी सांगतो. समजा मला काहीतरी गडबड दिसली आणि मी नवीन आहे, समोर वीस वर्षं काम केलेला सुपरवायझर आहे. मी बोललो आणि तो म्हणाला तू कालचा आलेला मला शिकवतोस का, तर? आमच्याकडे मोठ्यांना असं तोंडावर सांगायची सवय नसते. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला कम्युनिकेशन स्किल्सचा विषय होता, त्यात पत्रलेखन, संवाद सगळं होतं, मार्क पण चांगले पडले, पण हे कुठे नव्हतं.

नाईट_ड्युटी:

तुझ्या या प्रश्नासाठी लिहितेय. मी स्टाफ नर्स आहे, नाशिकला, सध्या वॉर्ड इनचार्ज. आमच्याकडे पण नवीन जीएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या मुली येतात, बऱ्याच खेड्यांतून, आणि रात्री अडीच वाजता डॉक्टरला फोन करायचा म्हटलं की त्यांच्या हाताला घाम सुटतो. डॉक्टर झोपेत, चिडलेले. मुलगी म्हणते "सर, बेड नंबर सातचा पेशंट बरा वाटत नाहीये." डॉक्टर विचारतात म्हणजे काय? बीपी किती? ऑपरेशन कसलं? यूरिन किती झाली? ती एकेक उत्तर शोधायला फाईलकडे पळते, डॉक्टर आणखी चिडतात, आणि पुढच्या वेळी ती फोन करायलाच घाबरते. ती पुढची वेळ सगळ्यात धोक्याची.

यासाठी आमच्याकडे एस-बार नावाची पद्धत शिकवतात. अमेरिकन नेव्हीच्या पाणबुड्यांमधून ती पुढे हॉस्पिटलांत आली. चार टप्पे असतात, आत्ता काय झालंय, आधीची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय आणि मला तुमच्याकडून काय हवंय. म्हणजे फोन असा होतो, "सर, सिस्टर बोलतेय सर्जिकल वॉर्डमधून. बेड सातचं बीपी ९० बाय ६० झालंय, तासाभरापूर्वी १२० बाय ८० होतं, पल्स ११८. आज दुपारी ऑपरेशन झालंय, ड्रेनमध्ये रक्त वाढलंय. मला आतून ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." अर्ध्या मिनिटात सगळं संपलं. डॉक्टर कितीही झोपेत असू दे, याच्यावर चिडायला त्यांच्याकडे जागाच राहत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात आहे बघ. तिसरा-चौथा टप्पा मुली गाळतात. आकडे सांगतात पण "मला काय वाटतं" आणि "तुम्ही या" हे म्हणायला जीभ रेटत नाही, वाटतं आपण कोण सांगणार. म्हणून ते फॉर्ममध्येच घातलंय, म्हणजे ती आगाऊपणा करत नाहीये, पद्धत पाळतेय. तुझ्या कंपनीत असा फॉर्म नसला तरी तू मनात ठेव, सुपरवायझरला शिकवायला जाऊ नकोस, आकडा घेऊन जा.

आणि फोनवरची ऑर्डर आली की आम्ही ती लिहून परत वाचून दाखवतो, डोस तर एकेक आकडा सुटा करून. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं. परत वाचून दाखवलं म्हणून कुणी तुला ढ समजत नाही. समजलं तर समजू दे.

विमानवेडा:

नाईट_ड्युटी ताईंनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. विमान अपघातांचे रिपोर्ट वाचायचा नाद आहे मला, बायको म्हणते अपशकुनी छंद.

२५ जानेवारी १९९०. एव्हियान्का कंपनीची ५२ नंबरची फ्लाईट, बोईंग ७०७, कोलंबियातून न्यूयॉर्कला चाललेली. हवामान खराब म्हणून वाटेत हवेतच घिरट्या घालायला लावल्या, सगळ्या मिळून सव्वा तासाच्या वर. इंधन संपत आलं. को-पायलटने कंट्रोलरला सांगितलं का? सांगितलं. आम्हाला प्रायोरिटी द्या म्हणाला. पहिलं लँडिंग जमलं नाही, विमान परत वर घ्यावं लागलं, तेव्हा म्हणाला आमचं इंधन संपत चाललंय सर. तिकडून ओके आलं आणि दुसऱ्या विमानांसारखंच याला पण वळसा घालून परत रांगेत यायला सांगितलं. "इमर्जन्सी" हा शब्द त्याने उच्चारलाच नाही. कंट्रोलरच्या दृष्टीने त्या रात्री सगळ्यांचंच इंधन कमी होत होतं. इंजिनं बंद पडली, विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली.

म्हणजे माहिती होती, बोलली पण गेली, ऐकली पण गेली. फक्त इतक्या अदबीने आली की ऐकणाऱ्याला ती रोजच्यासारखीच वाटली. आपल्याकडे हे पदोपदी चालतं. "साहेब सवड मिळाली की जरा बघता का, काहीतरी वेगळा आवाज येतोय वाटतं." साहेब सवडीनेच बघणार ना, तूच सांगितलंस सवडीने बघा. त्यापेक्षा "साहेब, स्पिंडलचा आवाज बदललाय, मी मशीन थांबवलंय, तुम्ही बघितल्याशिवाय चालू करत नाही." यात साहेब पण आहे आणि तुम्ही पण आहे, मान कुठे कमी झाला? नंतर शिव्या बसल्या तर बसल्या.

आणि इंग्रजीचं म्हणशील तर आंतरराष्ट्रीय फ्लाईटच्या पायलट आणि कंट्रोलरला इंग्रजीची परीक्षा असते, इकाओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या नियमांची, त्यात उच्चार, वाक्यरचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा गोष्टी बघतात आणि किमान चौथी लेव्हल लागते. चौथ्या लेव्हलला तुमच्या मातृभाषेचा वास उच्चारात आला तरी चालतो, अधूनमधून व्याकरण चुकलं तरी चालतं, समोरच्याला समजायला सहसा अडचण होता कामा नये. विमान उडवायला चालतं आणि जीडीत चालत नाही, आता बोला.

सुपा_पारनेर:

आमच्या इकडे एमआयडीसीत जपानी कंपन्या आहेत. तिथे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात जे शिकवतात त्याला हो-रेन-सो म्हणतात, जे झालं ते वरच्याला कळवायचं, ज्याचा संबंध येतो त्या प्रत्येकाला माहिती द्यायची, अडलं की एकट्याने डोकं न लावता विचारायचं. वाईट बातमी असली तर ती सगळ्यात आधी. आपल्या पोरांना सुरुवातीला फार जड जातं, आपल्याला सवय असते की आधी निस्तरायचं, मग सांगायचं, आणि निस्तरलं गेलं तर सांगायचंच नाही 😀

पॅनलवाली:

मी कॅम्पसला पॅनलवर जाते, मॅन्युफॅक्चरिंग कंपनीकडून, त्यामुळे टेबलाच्या या बाजूचं सांगते. @सरळ_रेघ तुमचा राग खोटा नाही. जीडी हे फिल्टर आहे, कारण एका दिवसात दोनशे मुलं असतात आणि आमच्याकडे तीन माणसं. त्यात एचआरवाल्याला लेड ॲसिड आणि लिथियममधला फरक माहीत असेलच असं नाही, त्यामुळे तो मुलगा का निघाला हे मी समजू शकते. बरोबर झालं असं म्हणत नाही.

पाना, जीडीत पहिलं बोलायच्या नादी लागू नकोस. ते कोंबडबाजारवालं खरंच आहे. तुला आत शिरायला दोन जागा असतात. एक, कुणीतरी चुकीचं ठोकून दिलं की तिथे. "स्कूटर्स नाऊ यूज लिथियम आयन, वी आर टेस्टिंग वन पॅक इन अवर प्रोजेक्ट" एवढं एक वाक्य त्या लेड ॲसिडनंतर पडलं असतं ना, तर सगळ्या टेबलाच्या माना तुझ्याकडे वळल्या असत्या आणि पुढची दोन मिनिटं लोकांनी तुलाच विचारलं असतं. दुसरी जागा म्हणजे गोंधळ खूप झाला की कोण काय म्हणालं ते जोडून सांगायचं, ते करायला आधी ऐकावं लागतं आणि तिथे जवळजवळ कुणीच ऐकत नसतं. मी स्वतः ऐकणाऱ्यांच्या नावापुढे खूण करते, सगळे पॅनल करतात असं मात्र नाही.

इंटरव्ह्यूत प्रोजेक्ट विचारणारच. त्यावर दोन मिनिटांचं सोप्या इंग्रजीत तयार ठेव, छोटी वाक्यं. पाठ करू नकोस, पाठ केलेलं लगेच कळतं, मधे एक प्रश्न विचारला की मुलं परत पहिल्या वाक्यापासून सुरू करतात. फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐक, फार लाज वाटते पण ऐक. आणि अगदीच अडलं तर सरळ विचार, सर हे मी हिंदीत सांगू का? शॉपफ्लोअरच्या जागेसाठी आमच्या प्लांटचे लोक आनंदाने हो म्हणतात, त्यांना मशीनवर माणूस हवा असतो. एचआर नाक मुरडेल कदाचित.

हो, वक्तृत्व स्पर्धावाल्यांबद्दल पण सांगते. ढाली घेऊन येतात, "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग" छाप चढउतार इंग्रजीत पण तसाच. एकाला विचारलं प्रोजेक्टमध्ये तुझं काम काय होतं, तो टीमवर्कवर बोलायला लागला, छान बोलला, आणि शेवटपर्यंत कळलं नाही की त्याने केलं काय. स्टेजची भीती गेलेली असते हा फायदा आहेच, नाही कशाला म्हणू.

क्लास नको. टोस्टमास्टर्सचे क्लब मोठ्या शहरांत असतात, १९२४ पासून चालू असलेली संस्था आहे, बहुतेक क्लबांत पाहुणा म्हणून जाऊन बसायला पैसे लागत नाहीत. तिथे ऐनवेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात आणि एक जण तुझे "अं... म्हणजे..." मोजायलाच बसलेला असतो. ते नाही जमलं तर तेच चारजण मित्र गोळा करून हॉस्टेलच्या गच्चीवर कर.

सरळ_रेघ:

@पॅनलवाली "बरोबर झालं असं म्हणत नाही" एवढं तरी कुणी पॅनलवरचं बोललं, धन्यवाद. पण मग तुमच्या कंपनीच्या जीडीतच हिंदी-मराठी चालेल असं आधी जाहीर का करत नाही? मुलाने स्वतःहून विचारायचं, आणि नाक मुरडलं तर त्याचंच नुकसान, ही जबाबदारी नेहमी त्यानेच का घ्यायची?

पॅनलवाली:

मीटिंगमध्ये मांडलं होतं. कॉर्पोरेटचं म्हणणं, पुढे कस्टमर ऑडिटला इंग्रजीतच बोलावं लागणार. त्यावर प्लांट हेड म्हणाले ऑडिटला सगळे थोडेच जातात. विषय तिथेच आहे.

रेड_बिन:

कस्टमर ऑडिटरला पण आकडाच लागतो. आमच्याकडे एक जर्मन ऑडिटर यायचा, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट होतं, आमचं झकास जमायचं.

तेरा_नंबर_पाना:

गच्चीवर सुरू केलंय आजपासून, रूममेट पण आहे, मच्छर खूप. दोन मिनिटांचं लिहिलंय, आधी मराठीत टाकतो मग इंग्रजी करतो, बघून सांगा:

"इलेक्ट्रिक स्कूटरचा बॅटरी पॅक जास्त लोडला गरम होतो, त्यामुळे सेलचं आयुष्य कमी होतं. आम्ही ४८ व्होल्टचा छोटा पॅक बनवला, १८६५० सेल वापरून. सेलमधलं अंतर आणि हवेचा मार्ग बदलून तीन डिझाईन केली. माझं काम सेल होल्डरचं कॅड आणि टेस्टिंग. फुल लोडला सेलचं टेम्परेचर ५२ डिग्री जात होतं, तिसऱ्या डिझाईनमध्ये ते ४४ पर्यंत खाली आलं. फॅनचा खर्च वाढला नाही."

पॅनलवाली:

चांगलं आहे! "माझं काम" वेगळं सांगितलंस ते बेस्ट. तीनपैकी तिसरंच का चाललं ते एका वाक्यात टाक, पुढचा प्रश्न तोच येणार.

रेड_बिन:

५२ आणि ४४ हे कुठल्या आजूबाजूच्या टेम्परेचरला? ते नसेल तर आकड्याला अर्थ नाही. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२ असतं, तेव्हा तुझा पॅक काय करणार असं मी तरी विचारेन. आणि दोन्ही टेस्ट एकाच टेम्परेचरला घेतल्या होत्या का?

तेरा_नंबर_पाना:

लॅबमध्ये ३१ होतं, पहिल्या टेस्टला. तिसऱ्या डिझाईनला थर्मामीटर लावला होता पण रीडिंग पार्टनरच्या वहीत आहे, तो गावी गेलाय. फोन करून विचारतो आणि टाकतो.